पोटामागची चरबी आणि सशाची बाटली

ठक्क करून फ्रिजवरचा चुंबक फरशीवर पडला आणि दुपारची ती मोलाची शांतता मोडली. लेक नुकतीच झोपली होती. मी धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाशी एक पायमोजा हातात धरून त्याच्या जोडीदाराचा विचार करत नुसती बसले होते. स्वयंपाकघरात जाऊन बघते तर सासूबाई स्टुलावर चढलेल्या. फ्रिजच्या दारावर त्यांच्या स्वादुपिंडाचं चित्र लावलेलं होतं, ते त्यांनी काढलं होतं आणि त्या जागी नवं लावत होत्या. नव्या चित्राखाली लाल अक्षरांत छापलं होतं : चरबी शून्य.

"वितळली," त्या म्हणाल्या. आवाज असा, की जणू धाकट्याचं लग्न जमलं.

जुनं चित्र हे माझंच पाप. मी दवाखान्यात एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. स्वादुपिंडातली चरबी मोजायची नवी पद्धत आमच्याकडे आली, तेव्हा सरावासाठी निरोगी-आजारी अशी सगळ्या तऱ्हेची माणसं हवी होती. सासूबाईंना बारा वर्षांचा मधुमेह. तिथं थंडगार असतं आणि वीस मिनिटं कुणी हाक मारत नाही, एवढं ऐकून त्या आनंदानं तयार झाल्या.

हे स्वादुपिंड म्हणजे पोटाच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून आडवं पडलेलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असं वीतभर अंग. त्यात चरबी साठली तर बाहेरून पत्ता लागत नाही. सोनोग्राफीत ते शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा उजळ दिसतं का, एवढंच नजरेनं ठरवायचं. सीटी स्कॅनमध्ये त्याचा आकडा प्लीहेच्या आकड्याशी ताडून बघायचा. एमआरआयची तऱ्हा वेगळी. त्या मोठ्या चुंबकात पाण्यातले कण आणि चरबीतले कण किंचित वेगळ्या तालावर डोलतात. ताल जुळतो तेव्हा एक चित्र घ्यायचं, उलटा पडतो तेव्हा दुसरं, आणि संगणक दोन्हींवरून प्रत्येक ठिपक्यात किती टक्के चरबी ते सांगतो. मग आम्ही स्वादुपिंडाच्या डोक्याशी, मधे आणि शेपटीशी अशी तीन इवली वर्तुळं काढतो. वर्तुळ केसभर जरी काठाबाहेर घसरलं, तरी पोटातली बाहेरची चरबी आत शिरते आणि आकडा टुणकन उडी मारतो. सासूबाईंची वर्तुळं मी चार वेळा पुसून पुन्हा काढली होती. घरचं माणूस, चूक परवडत नाही. आकडा आला चौदा.

"चौदा? शंभरपैकी?" त्यांनी विचारलं होतं. "शाळेतसुद्धा मला इतके कमी पडले नव्हते."

इथं कमी पडलेले चांगले, सहाच्या वर गेलं की आम्ही भुवया उंचावतो, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. मग आता करायचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, हे आमच्या अभ्यासासाठी आहे, तुमचं फिरणं आणि इन्सुलिन आहे तसंच चालू द्या. एवढं मोठं यंत्र नुसतं मोजायला, असं काहीसं त्या पुटपुटल्या. तेवढ्यात लेकीनं दुधाचा पेला सांडला आणि ते बोलणं तिथंच राहिलं. चित्र रंगीत आणि सुरेख आलं होतं, म्हणून मी ते फ्रिजवर लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

खालच्या मजल्यावर पडदे आणि उशांचे अभ्रे शिवणाऱ्या काकू राहतात. त्यांनी चौदा आकडा ऐकला आणि हातातली कात्री खाली ठेवली. त्यांची स्वतःची, त्यांच्या बहिणीची आणि बहिणीच्या दिराची, अशी तिघांची चरबी एकाच आठवड्यात वितळली होती. वितळवणाऱ्या गृहस्थांना सगळे वितळगुरू म्हणत. ते औषध देत नाहीत, सुई टोचत नाहीत, नुसता पोटावर हात ठेवतात आणि यंत्रावर आधीचं आणि नंतरचं दाखवतात. सासूबाई चार दिवसांपूर्वी गुपचूप जाऊन वितळून आल्या होत्या.

हे सगळं स्टुलावरच्या सासूबाईंकडून ऐकता ऐकता मी फ्रिज उघडला. इन्सुलिनचं पेन मी बुधवारी ठेवलं होतं तसंच आडवं पडलेलं होतं. चार दिवस सुई नाही. त्यांच्या बोटातलं थेंबभर रक्त घेऊन साखर मोजली, तर यंत्रावर तीनशे ऐंशी.

मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाजही चढवला. नवऱ्याला मध्ये घातलं, तर त्यानं एकदा माझ्याकडे बघून मान डोलावली, एकदा आईकडे बघून, आणि गळणारा नळ बघायला निघून गेला.

"आई, साखर चढतेय तुमची."

"उतरेल. मूळच वितळलंय, आता फांद्या किती दिवस टिकणार?" हे वाक्य त्यांचं नव्हतं, उसनं आणलेलं होतं. पुढचं मात्र त्यांचं होतं. "तू मोजलंस गं. त्यांनी वितळवलं."

मी ते नवं चित्र फ्रिजवरून काढून खिडकीपाशी नेलं. सोनोग्राफीचे दोन फोटो शेजारी शेजारी. 'आधी'मध्ये नुसतं पांढरं धुकं. 'नंतर'मध्ये त्याच जागी काळंभोर तळं, काठ गुळगुळीत, आत चार-दोन पांढरे ठिपके तरंगताहेत. मला हसू फुटलं, आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. हे तळं मी हजारदा पाहिलेलं आहे.

सोनोग्राफीच्या लहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. रिकाम्या जठरात हवा असली, की पडद्यावर पांढरं धुकं दिसतं आणि जठरामागे काय आहे ते झाकून जातं. म्हणून आमच्याकडे पेशंटला दोन पेले पाणी पाजतात. जठर पाण्यानं भरतं, लहरी त्यातून सरळ जातात. पाणी पडद्यावर काळं दिसतं, आणि त्या काळ्या खिडकीतून मागचं स्वादुपिंड दिसायला लागतं. म्हणजे 'आधी'च्या फोटोत स्वादुपिंड मुळी नव्हतंच. 'नंतर'च्या फोटोत होतं, तळ्याच्या खाली, पांढऱ्या पट्ट्यासारखं. चरबी असलेलं स्वादुपिंड असं उजळच दिसतं. वितळणं राहिलं बाजूला, आता कुठे ती चरबी दिसू लागली होती.

त्यांनी पाणी पाजलं ना तुम्हाला, असं विचारल्यावर सासूबाई दचकल्या. पाजलं होतं, दोन पेले, निळ्या बाटलीतलं. त्याला वितळजल म्हणतात. पण ते वितळगुरूंनी भारलेलं असतं, साध्या पाण्यानं काय होणार? मी सगळं पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यांनीच मार्ग काढला.

"उद्या रविवारची सभा आहे. मला मंचावर बोलावलंय, शून्याचा नमुना म्हणून. तू ये आणि सगळ्यांदेखत बोल. खोटं निघालं, तर तिथल्या तिथं सुई घेईन."

मी आमच्या डॉक्टरांना फोन केला. उद्या दुपारपर्यंत थांबायचंच असेल तर दर काही तासांनी साखर मोजा आणि पाणी पाजत राहा, उलटी झाली किंवा श्वास भराभर व्हायला लागला तर सभा-बिभा सोडून थेट इकडे आणा, असं त्यांनी बजावलं.

सभा बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होती. सकाळी दहाला तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. उपाशीपोटी यायचं अशी अट होती, त्यामुळे तीनशे पोटांची गुरगुर हॉलभर घुमत होती. महिन्यापूर्वी ज्यांना स्वादुपिंड हा शब्द धड उच्चारता येत नव्हता, ती माणसं एकमेकांना नमस्कार करून टक्के विचारत होती. ज्यांची चरबी जास्त त्यांना पुढे बसायचा मान. एक जाडजूड टॅक्सीवाले आपण नक्की तीस टक्क्यांच्या वर आहोत असं सांगत पहिल्या रांगेत ऐसपैस बसले होते. एक किडकिडीत पोस्टमन आपल्यात काहीच निघणार नाही या लाजेनं मागे खांबाला टेकून उभे होते आणि त्यांची बायको त्यांना धीर देत होती.

वितळगुरू आले. रेशमी झब्ब्यावर डॉक्टरांचा पांढरा कोट, पायांत खेळाचे बूट. कोर्टावर दुसऱ्या पादत्राणांना परवानगी नव्हती.

"चरबी म्हणजे काय?" त्यांनी सुरुवात केली. "गोठलेली चिंता. ती साठते कुठे? पोटामागे. डॉक्टरांना का सापडत नाही? कारण डॉक्टर समोरून बघतात. मी आतून बघतो."

टाळ्या. पुढे त्यांनी सांगितलं की चिंतेचा वितळबिंदू सदतीस अंश, म्हणजे शरीराचं तापमान तेवढंच, तरी ती आपोआप वितळत नाही, कारण तिला कुणी तसं सांगितलेलं नसतं. वितळगुरू तिला सांगतात. हे ऐकून टॅक्सीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यांनाच पहिलं झोपवलं. पोटावर जेल, त्यावर सोनोग्राफीचा प्रोब, आणि मागच्या मोठ्या पडद्यावर पांढरं धुकं. हॉलभर हळहळ. मग निळ्या बाटलीतून दोन पेले, सगळ्यांनी मिळून "वितळ, वितळ" म्हणायचं, पुन्हा प्रोब, आणि काळंभोर तळं. लोक उठून उभे राहिले. पोस्टमनच्या बायकोनं नवऱ्याला पुढे ढकललं.

मग सासूबाईंना बोलावलं. त्या माझ्या हातात पर्स देऊन डौलात गेल्या आणि झोपल्या. वितळगुरूंचा मदतनीस पेले घेऊन पुढे झाला. माझी सहा वर्षांची लेक मांडीवर होती. शाळेची, निळ्या सशाच्या आकाराची बाटली तिनं छातीशी धरली होती. तिला खाली उतरवून मी उठले आणि म्हटलं, "पाणी आधी नको. यांचं तर शून्य झालंय. मग पाणी कशाला? नुसतंच बघू या."

वितळगुरू गोड हसले आणि म्हणाले की जलाशिवाय दर्शन नाही. तिथं मी हरलेच असते. पण खालच्या मजल्यावरच्या काकू भक्तीनं उसळून उठल्या. माझी मैत्रीण शून्य आहे म्हणजे शून्यच आहे, जल असो नसो, दाखवाच या सुनेला, असं त्यांनी ठणकावलं. सगळा हॉल त्यांच्यामागून म्हणाला, दाखवा, दाखवा. बिचाऱ्याला त्याच्याच भक्तांनी कोंडीत पकडलं. प्रोब ठेवावा लागला.

पडद्यावर पांढरं धुकं.

गुरगुरणारी पोटंसुद्धा गप्प झाली. वितळगुरूंनी क्षणभर डोळे मिटले, मग मान खेदानं हलवत माईकमध्ये म्हणाले, "माताजी, तुम्ही चोरून गोड खाल्लंत."

बस. माझ्या लहरींचं आणि हवेचं सगळं व्याख्यान जे करू शकलं नसतं ते या एका वाक्यानं केलं. सासूबाईंनी बारा वर्षांत लेकाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा फक्त कापलेला आहे. त्या कोपरावर उठल्या.

"चोरून? मी?" त्यांनी माईककडे तोंड केलं. "पाच दिवस तुमच्या शब्दावर सुई सोडली मी. सुनेशी भांडले. आणि मी चोर?"

वितळगुरू म्हणाले, शंका हीसुद्धा एक प्रकारची साखरच आहे. त्यांनी मदतनिसाला पेले पुढे करायची खूण केली. सासूबाईंनी तो हात बाजूला सारला.

"तुमचं नको. दे गं राणी तुझी बाटली."

लेक तुरुतुरु मंचावर चढून गेली आणि तिनं आजीच्या तोंडात सशाच्या कानाची नळी दिली. मी खालून सांगितलं, प्रोब तिथंच ठेवा, हलवू नका, सगळ्यांना बघू दे. तीनशे माणसं बघत होती. वितळगुरूंना हात काढता येईना.

सासूबाईंनी पहिला घोट घेतला. पडद्यावरच्या धुक्यात एकाएकी पांढऱ्या ठिपक्यांचा भोवरा फिरला. दुसरा घोट, तिसरा. घशात गुटुक झालं की लगेच पडद्यावर ठिपक्यांची लाट येई, आणि प्रत्येक लाटेबरोबर काळं तळं रुंद होत जाई. पाचव्या घोटाला लोक आपोआप मोजायला लागले. आठव्याला तळं काठोकाठ भरलं. ते घरच्या नळाचं पाणी होतं, सकाळी मी स्वतः भरलेलं. आजीच्या जठरात आपल्या बाटलीतलं पाणी पडताना लेकीनं पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

"हा माझ्या स्पर्शाचा," वितळगुरूंनी सुरुवात केली.

"स्पर्श मघाशीही होताच की," सासूबाई झोपल्या झोपल्या म्हणाल्या. "तेव्हा नाही वितळलं ते?"

मी वर गेले आणि माईक घेतला. तळ्याखालचा पांढरा पट्टा बोटानं दाखवला. ते स्वादुपिंड. ते कालही तिथंच होतं, आजही तिथंच आहे, तितकंच पांढरं. आधी जे पांढरं दिसलं ती जठरातली हवा होती आणि नंतर जे काळं दिसलं ते तुम्ही नुकतंच प्यायलेलं पाणी. तासाभरात पाणी पुढे सरकेल, आणि मग हे सद्गृहस्थ तुम्हाला चोर म्हणतील.

यावर सभेत जागृती झाली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. थोडी झाली. टॅक्सीवाले उठले आणि मान खाली घालून शांतपणे पहिल्या रांगेतून मागे गेले. सात-आठ जणांनी येऊन आपल्या गोळ्यांबद्दल विचारलं. त्यांतल्या तिघांनी त्या बंद केल्या होत्या. पण पोस्टमनच्या बायकोनं माझा पदर धरला आणि ही सशाची बाटली कुठे मिळते ते विचारलं. निळा ससाच लागतो की कुठलाही चालेल? काकूंना ससा नको होता, त्यांना आमच्या घरचा नळ हवा होता. आमच्या खालीच त्या राहतात, पाणी एकाच टाकीचं, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्या स्वतःच्याच नळाबद्दल इतक्या भारावल्या की खुर्चीत बसल्या. काहीजण हॉलच्या नळाकडे रांग लावत होते. एकाला मी विचारलं, काका, आताच बघितलंत ना? तो म्हणाला, बघितलं म्हणूनच तर, गुरूंशिवायसुद्धा वितळतंय.

या गडबडीत वितळगुरू मागच्या दारानं गेले. यंत्र जड होतं, ते राहिलं. त्यावरची कंपनीची पट्टी खरवडलेली होती. मदतनिसानं घाबरून सांगितलं की मालक पूर्वी जुनी सोनोग्राफी यंत्रं दवाखान्यादवाखान्यांत विकायचे. म्हणजे ते आमच्यासारख्याच एखाद्या विभागात बाकावर बसून राहिले असणार, आणि कुणीतरी तंत्रज्ञ पेशंटला पाणी पाजतेय हे बघत असणार. तिनं पाणी दिलं ते नीट दिसावं म्हणून. यांनी दिलं ते खरं दिसू नये म्हणून.

तर बायांनो, बाबांनो, एवढंच सांगायचं आहे. तुमच्या पोटातलं चित्र कुणी दाखवलं, तर मान डोलावण्याआधी विचारा, यात पांढरं काय आणि काळं काय. कुणी पाच मिनिटांत बदल दाखवला, तर विचारा, त्या पाच मिनिटांत माझ्या पोटात काय गेलं. स्वादुपिंडातली चरबी कमी होऊ शकते, पण त्याला महिने लागतात, वजन उतरावं लागतं, आणि ती खरंच उतरली का हे पुन्हा त्याच पद्धतीनं, त्याच जागी मोजून बघावं लागतं. आमचं मोजणंही चुकतं. म्हणून तर आम्ही वर्तुळं पुसून पुन्हा काढतो. चूक शोधू देतो तो खरा, आणि चूक दाखवली की तुम्हालाच चोर ठरवतो तो खोटा. आणि काहीही वितळो, गोठो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इन्सुलिन थांबवू नका. गेलेला दिवस परत येत नाही, आणि कधी कधी माणूसही येत नाही.

सासूबाई शब्दाला पक्क्या. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर बसून त्यांनी पर्समधलं पेन मागितलं. साखर चारशेला टेकली होती. डॉक्टरांनी फोनवर मात्रा सांगितली आणि इथून सरळ दवाखान्यात घेऊन या म्हणाले. त्यांनी स्वतःच पोटावरचं जेल पुसलं, चिमटीत कातडी धरली आणि सुई टोचली. चेहऱ्यावर हार नव्हती, जीतही नव्हती. थकवा होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

लेक शेजारी पाय हलवत बसली होती. पाच दिवसांपूर्वी आजी गुपचूप गेली तेव्हा हीही बरोबर होती, हे मला आत्ता कळलं. ती म्हणाली, त्या काकांनी आजीला आधी खुर्चीत बसवलं होतं. यंत्र लावायच्या आधी. आणि तिचा हात धरून विचारलं होतं, तुम्हाला कशाची भीती वाटते. मग आजी खूप वेळ बोलत होती आणि थोडंसं रडली पण होती.

सासूबाई पेनाचं टोपण लावण्यात फार गुंतल्या.

"आई, ते काका खोटे होते ना?"

"हो बाळा."

"मग तू खरी आहेस ना? मग तू का नाही विचारलंस आजीला?"